विंगेतला माणूस

शांताकाकू, मंडळातल्या सगळ्यांनो, आणि एमआयडीसीतून पाळी संपवून थेट इथं आलेल्या दत्तूकाकांच्या मित्रांनो,

बोलायला उभी तर राहिले, पण सवय वाईट. स्टेजवर तोंड उघडण्याआधी मी नेहमी विंगेत बघायचे. तिथं काका असायचे. आत्ताही बघितलं.

आपल्या नाटकांतली प्रत्येक वीज वीस वर्षं काकांनी कडाडवली. कारखान्यातून सायकलला बांधून आणलेला एक लांब पत्रा, आणि तो गदागदा हलवणारे त्यांचे दोन हात.

मग मंडळात कॉम्प्युटर आला. तो आणा म्हणणारी मीच. आणि "आता पत्रा नको" असं सांगायला मस्तगडला त्यांच्या घरी गेलेली, तीही मीच. काका हसले. "बरं झालं, ताई. हात दुखूनच राह्यले होते." आतून काकू म्हणाल्या, "मंग आता घरातला गडगडाट पण बंद करा!"

हसा, काकू. तुमचंच वाक्य आहे.

तालमीत मिनिटं मोजून सगळे आवाज, आपोआप वाजतील असे, ओळीनं कॉम्प्युटरमध्ये भरले. पहिला प्रयोग. मुलाच्या मृत्यूचं पत्र मी वाचतेय. त्या दिवशी जरा रेंगाळले. शेवटची ओळ यायच्या आत कडाड्! आईच्या आधी आभाळाला बातमी कळली. मी रडायच्या जागी प्रेक्षक हसले.

दुसऱ्या दिवशी काका पत्रा घेऊन हजर. मला वाटलं, आता ऐकवणार. त्यांनी तो माईकसमोर हलवला. "हा आवाज भरा, अन् बटण माझ्याकडं द्या. मशीन बिलकुल चांगली हाय, ताई. फक्त तिला तुमचा श्वास दिसत न्हाई."

तेव्हा कळलं. वीस वर्षं ते पत्र्याकडं बघतच नव्हते. माझ्या खांद्यांकडं बघत होते. आणि मी नाटकाच्या पत्रिकेवरून त्यांचं नाव काढायला निघाले होते!

साठीनंतर माऊस शिकले. तोही दोन्ही हातांनी धरायचे. पुढं एकही वीज चुकली नाही. वर मलाच दम द्यायचे, "वीज पडली की लगेच बोलू नका, ताई. लोकांना शांतता ऐकू द्या."

काकूंना विचारून आज कॉम्प्युटर इथं आणलाय. आत काकांचाच पत्रा आहे. बटण मी दाबणार. चुकले तर सांभाळून घ्या.

सगळे उभे राहू या. वीज कडाडेल, मग शांतता. घड्याळ कुणी बघायचं नाही. काकू बसल्या, की आपण बसू.

काकू, तुम्ही श्वास घ्या. मी बघतेय.