मिस रूबीच्या आजीचं नाव

सांग बघू, माणसाने विश्वास कुणावर ठेवावा, कोर्टावर की दुकानदारावर? अमेरिकेतल्या जॉर्जियात आमच्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, जुनं कोर्ट जन्ममृत्यूच्या दप्तरासकट जळलेलं. ऐंशी वर्षांच्या मिस रूबीला आजीच्या थडग्यावर नाव कोरायचं होतं, पण पोरक्या वाढलेल्या तिच्या आईलाही ते ठाऊक नव्हतं. माझ्या दुकानासोबत पूर्वीच्या मालकांच्या हिशेबाच्या जुन्या वह्या आल्या होत्या. बायको म्हणायची, “फेका तो कचरा.” पण दिवाळीत माझ्या वह्यांबरोबर मी त्याही पूजल्या होत्या; एकदा पूजलेली वही टाकवते का?

मिस रूबी त्या चाळायला दुकानात आली, तिने एक वही उघडली आणि पहिल्याच पानावर दचकली.

“हनी, हे रक्त?”

“कुंकू आहे, मॅम. पुढे बघा.”

“‘लहान बूट, हॅटीच्या पर्लसाठी.’ अरे देवा, पर्ल म्हणजे माझी आई! मग हॅटी माझी आजी!”

हुश्श! एकदाचं दगडावर ‘हॅटी’ कोरलं गेलं.

तूही दुकान टाकतोयस ना? मग हिशेब खरा लिही, आणि वस्तू कुणासाठी नेली तेही लिही.