यंकाप्पाचा सांडवा

ऐका. लाईट गेली ते बरंच झालं. मोबाईल खाली ठिवा, पत्र्यावरच्या पावसाचा आवाज कानात राहू द्या आन ऐका. ए अंकुश, तू मागं काय बसलायस? पुढं ये. गोष्ट तुझ्या चुलत आज्याची, हैबतीची हाय, आन मला ती तुझ्या तोंडाकडं बघत सांगायचीय.

तर हैबती अंधार पडल्यावर घरातनं निघाला. असाच परतीचा पाऊस, चार दिवस धार धरलेला. असाच आपला तलाव तुडुंब. बांधाच्या खाली लवणवस्ती, तवा अकरा घरं होती. त्यातल्या एका घरात हैबतीची लेक सुमन दिलेली. तिला पोरगी झालेली आन त्या रात्री पाचवीची पूजा. हैबतीच्या बायकोनं नातीसाठी लाल कुंची शिवली होती, ती त्याच्या खिशात. हातात बॅटरी. सडकेनं गेलं तर तीन मैल, बांधावरनं गेलं तर पाव तास.

बायको म्हणाली, "सडकेनं जावा. आज बांधावरनं नगा जाऊ."

"बांध काय मला नवा हाय व्हय?" म्हणाला आन निघाला.

नवा कुठला? त्याच दुपारी तिथं घाम गाळून आला होता. काय केलं होतं ते सांगतो, आन सांगताना आजबी माझं डोकं फिरतं. सांडव्यात चाळीस पोती रचली होती त्यानं. खताची रिकामी पोती, मुरूम भरून, सुतळीनं तोंड बांधून. वरच्या अंगाला त्याचा ऊस, तलावाच्या काठाला त्याची मोटर. सांडवा दोन फूट चढवला की पाणी दोन फूट वाढतं, ऊस मार्चपातुर तगतो. एवढाच हिशोब.

आरं, आपला बांध मातीचा हाय. सिमेंटचा न्हाई. समोरनं कितीबी पाणी भिडू दे, तो छातीवर घेतो. पण डोक्यावरनं एकदा पाणी गेलं की माती गुळागत विरघळती. म्हणून तर कडेला सांडवा ठिवतात, माथ्यापेक्षा खाली, जास्तीचं पाणी गुमान निघून जायला. आन तलाव कशासाठी? पाणी मुरावं, खालच्या विहिरी भराव्यात, वस्तीला उन्हाळ्यात घागर मिळावी म्हणून. एकट्याच्या मोटरीसाठी न्हाई बांधला तो.

तो सांडवा रचला यंकाप्पा वडारानं, बाहत्तरच्या दुष्काळात. एकेक दगड हातानं घडवून बसवला. काम संपलं आन तापानं तिथंच गेला. सांडव्याच्या काठालाच त्याला पुरला. जायच्या आधी गावाला बोलला होता, "बांध तुमचा. सांडवा माझा. माझ्यात खडा टाकू नका." तवापासनं बैलांचा बेंदूर झाला की दुसऱ्या दिवशी अख्खं गाव खराटं घेऊन सांडवा झाडायला जायचं. भाकरी-कांदा ठिवायचं. पोरं तिथं गोटी खेळायची न्हाईत. हे सगळं हैबतीला ठावं होतं बरं का. ठावं असून केलं, ह्याचाच राग हाय मला.

असू दे. हैबती बांधावर चढला. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला खाली वस्तीचे दिवे. पाणी हात लावावा इतकं जवळ. सांडव्याच्या अलीकडं एक पायवाट खाली उतरती, ती धरायची होती त्याला. अर्ध्यावर गेला तर पुढं एक माणूस बसलेला. डोक्यावर पोत्याची खोळ, शेजारी कंदील. पाऊस एवढा, पण कंदिलाची वात हलंना.

"पावनं," तो माणूस म्हणाला, "वाट कुठनं हाय?"

"कुठं जायचंय?"

"खाली."

हैबतीनं बॅटरीनं दाखवलं, "ही काय, सरळ जावा."

"तिथं अडवलीय," माणूस म्हणाला.

हैबतीला वाटलं, असंल कुणी पिऊन बसलेला. पुढं गेला. सांडवा आला, पण पायवाट दिसंना. रोजची पायवाट! तिच्या तोंडाला पोती रचलेली. बॅटरी मारली तर खताची पोती, अन् सुतळीची गाठ त्याच्याच हाताची. उलटा दुहेरी फास, अख्ख्या गावात तसा तोच बांधायचा. कुणी खोडी केली म्हणून त्यानं शिव्या घातल्या, दोन पोती बाजूला ओढली आन वाकून बघितलं. मागं आणखी दोन. ती काढली. आणखी दोन.

मग तो मागं फिरला, की आता सडकेनंच जावं. चालला, चालला. बांध चारशे पावलांचा. हजार पावलं झाली तरी बांध संपंना. पुन्हा पुढं तोच माणूस, तोच कंदील.

"पावनं, वाट कुठनं हाय?"

चकवा. आता हैबतीला कळलं. कपाळावर घाम, पाठीवर पाऊस. पळत सुटला. पळून पळून थांबला तर त्याच पायवाटेच्या तोंडाला, त्याच पोत्यांपुढं. कितीबी पळा. त्यानं पाण्याची वाट अडवली होती, त्याची वाट आता कोण मोकळी ठिवणार?

त्यानं रागानं एक पोतं उचललं. आन ते हाललं.

गप बसा रं, आता मधी बोलू नका.

पोत्यातनं आवाज आला, "हैबतीनाना, भिजलो की आम्ही." वस्तीवरच्या म्हाताऱ्या सखुबाईचा आवाज. त्यानं पोतं टाकलं. दुसऱ्यातनं तिच्या सुनेचा आवाज, तिसऱ्यातनं बाबू धनगराचा. अकरा घरं, अकरा पोती. मुरूम भरलेली पोती, पण हाताला मऊ लागायला लागली, गार, माणूस पाण्यात राहिल्यावर लागतो तशी. शेवटचं पोतं अगदी बारकं. ते आपलं आपण रडत होतं. हैबतीनं सुतळीची गाठ सोडली. आत मुरूम, आन मुरमाच्या वर लाल कुंची.

त्यानं खिशात हात घातला. खिसा रिकामा.

तवा कुठं त्यानं मान वर केली. तवा त्याला बांध दिसला. बांधाच्या मधोमध, जिथं माथा बैलगाड्यांनी दबलाय, तिथनं पाण्याची एक पातळ चादर पलीकडं चालली होती. वस्तीच्या अंगाला. मातीचे गोळे सुटून खाली पडत होते, धप, धप. खाली सुमनच्या दारात पाचवीचा दिवा लुकलुकत होता.

मागं कंदील घेऊन तो उभा. खोळ आता डोक्यावर नव्हती. "वाट दे," म्हणाला. एवढंच म्हणाला.

"देतो, यंकाप्पा. देतो."

सांडव्यात उतरला. कमरेएवढं पाणी पोत्यांमागं दाबून उभं. पहिलं पोतं निघंना, नखं उलटली. निघालं तसं पाणी भस्सकन अंगावर आलं. हैबती आडवा झाला, वाहत चालला, आन कुणीतरी त्याचा दंड धरला. दगड घडवणाऱ्याचा हात, खरबरीत, तापानं फणफणलेला. त्यानं वर ओढला आन मग दोघं मिळून पोती काढायला लागले. शेजारच्या हाताकडं बघायचं धाडस हैबतीनं केलं न्हाई. मोजली न्हाईत, काढत राहिला. कवातरी बांधावरची पाण्याची चादर तुटली आन सांडवा मोठ्यानं वाजायला लागला.

सकाळी आम्ही गेलो. मी तिशीतला होतो. सांडवा स्वच्छ, झाडल्यासारखा. हैबती काठावर बसलेला, दहा बोटं रक्ताळलेली. बांधाच्या माथ्यावर घळ पडली होती, माझ्या गुडघ्यापातुर. आणखी घटकाभर, आन लवणवस्ती आज तुम्हाला नकाशावरबी दिसली नसती. कुंची त्याच्या खिशातच सापडली, आत मूठभर मुरूम. तो झटकून त्यानं ती नातीला घातली. उसाचं म्हणाल तर तो फेब्रुवारीत वाळला, आन हैबतीनं पुन्हा त्याचं नाव काढलं न्हाई.

ती नात म्हणजे आपली रेखा. त्याच वस्तीत दिलीय, तिथं अंगणवाडी चालवती. तुमची पोरं तिच्यापाशी जातात. आता तिथं अकरा न्हाई, सव्वीस घरं हायत.

आन आज दुपारी, अंकुश, तुम्ही पाचजणांनी काय केलंत? मान खाली घालू नगंस. मी देवळाच्या पायरीवर बसून बघितलंय. ट्रॅक्टर भरून पोती सांडव्याकडं नेलीत. मी वराडलो तर तू म्हणालास, "आजोबा, तुम्हाला काय कळतंय, दोन फुटानं काय होतंय." खराटा घेऊन शेवटचं कवा गेला होतात सांडव्यावर? लाज वाटत न्हाई?

ह्या गोष्टीच्या शेवटी म्हातारी माणसं सांगायची, रात्रीचं बांधाच्या वाटेनं जाऊ नका. म्याबी चाळीस वर्षं हेच सांगितलं. आज न्हाई सांगणार.

उठा. तो कंदील घ्या इकडं. अंकुश, फावडं न्हाई लागत, हातानं निघतात पोती. दोघंजण वस्तीवर पळा, रेखाला उठवा, माणसं देवळात आणा. बाकीचे माझ्यामागं.

आन बांधावर कुणी वाट विचारली, तर थांबायचं न्हाई. म्हणायचं, द्यायलाच चाललोय.