मिशीला लागणारी साखर

मंडळी, आधी एक सवाल! आजार कुणाला असतो — ज्याला झालाय त्याला, की ज्याचा मोजलाय त्याला? हसताय? बाजीबा लोंढेही हसायचे!

त्यांच्या गावी मारुतीच्या देवळात साखर तपासायचं शिबिर भरलं. पुरुष रांगेत, बोटं पुढं! आणि बायका? मागं चुलीपाशी — शिबिरासाठी शिरा ढवळत होत्या! साखरेच्या शिबिराला शिरा! वा रे आपली अक्कल!

निकाल लागला. बाजीबांना साखर, सरपंचांना साखर, गुरवाला साखर — बाई एकही नाही! बाजीबा घरी येऊन बायकोला, पर्वताबाईंना म्हणाले, "अगं, हा आजार मिशीला लागतो! तू निर्धास्त!"

बाजीबांचं गोड बंद झालं. पण लेकीच्या सासरहून लाडवांचे डबे यायचे थांबतात होय? अन्न टाकायचं नाही, ही आपली रीत. नवऱ्याच्या वाटणीचं बाईनं संपवायचं!

हळूहळू पर्वताबाईंना तहान लागायला लागली. तांब्यावर तांब्या!

"ऊन वाढलंय," बाजीबा म्हणाले.

"अहो, पौषात?"

मग पायाच्या बोटाला ठेच लागली. जखम भरेचना. बोट काळवंडलं — तेव्हा बाजीबांची मिशी उतरली! बायकोला घेऊन धावले दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंनी साखर मोजली. कपाळाला हात! "आजोबा, आजींना कधी तपासलंच नाही?"

"पण... तो तर पुरुषांचा आजार ना?"

"पुरुषांत जरा जास्त आढळतो, खरं. पण जरा जास्त म्हणजे बाईला मुळीच नाही, हे कुणी सांगितलं? त्या दिवशी बायकांची बोटं टोचली होती का?"

बाजीबांना चुलीपाशी शिरा ढवळणाऱ्या बायका आठवल्या.

"बाई, लाडवांनी झालं का हो?" पर्वताबाईंनी विचारलं.

"एकट्या लाडवांनी नाही. पण लाडवांनी भर घातली! आधी मोजलं असतं, तर आधी कळलं असतं."

"बोट जाईल?" बाजीबांनी विचारलं.

"वाचेल. साखरेच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, लाडू बंद! आणि रोज पाय धुवायचा, कोरडा करायचा, पट्टी बदलायची."

तेव्हापासून बाजीबा रोज ओसरीवर बायकोचा पाय मांडीवर घेऊन बसायचे. सरपंच रस्त्यावरून ओरडले, "काय बाजीबा, बायकोचे पाय धरता?"

"धरतो! तुम्ही आधी वहिनींचं बोट टोचून आणा, मग बोला!"

बोट वाचलं, मंडळी!

आता पुरुष मंडळींनी हात वर करा — बायकोची साखर किती, कुणाला ठाऊक आहे?

...एकही नाही? अहो, स्वतःची तर दशांशासकट पाठ आहे!

घरी जाऊन विचारा. "मला काय धाड भरलीय?" असं उत्तर आलं, तर समजा — मोजलेलीच नाही! उद्या सकाळी उपाशीपोटी तिला घेऊन निघा. आणि चहा? तो परत आल्यावर — तुम्ही करायचा!