मागच्या पायरीवरून उतरवलेली मुलगी

माझा जन्म मुरबाड तालुक्यातला, टोकावड्याच्या अलीकडे रस्त्यापासून आत चालत अर्धा तास आमचं गाव, भाताची शेती, डोंगरउताराच्या वरकस जमिनीत थोडी नाचणी, आणि आमी चार भावंडं, तीन बहिणी आणि सगळ्यांत धाकटा मी. मी झालो तेव्हा मोठी बहीण तिसरीत होती. आई लावणीला जायची, मग मला सांभाळणार कोण, म्हणून तिला शाळेतून काढली. ती हुशार होती का नव्हती, काय सांगू तुमाला, कोणी बघितलंच नाय. मी मात्र दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा नापास झालो, आणि तिसऱ्यांदा बस असं बाप बोलला तेव्हा मीच नको बोललो. हे आता सांगतोय म्हणून दिसतं. तेव्हा यात काय वेगळं आहे असं कोणाला वाटलं नाय, मलापण नाय.

मग मी जीपवर लागलो. नव्वद सालानंतरची गोष्ट आहे, गाडी मालकाची, चालवायचो मी, घाटाच्या बाजूने मुरबाड, मुरबाडहून परत. पुढे चार, मधे पाच, मागे आठ-नऊ, आणि गाडी भरली की कॉलेजची पोरं मागच्या पायरीवर उभी राहायची, शिडीला धरून. पोरांना जागा लागतच नाय, पाय टेकायला चार बोटं मिळाली की पोरगा मुरबाडला पोचला. पोरीला बसायला जागा लागते. पोरगी लटकत नाय. हा नियम कोणी केला नव्हता, पण होता. सकाळची एसटी साडेसहाची, तेव्हा पोरी पाणी भरत असायच्या, म्हणून त्यांना माझीच साडेसातची गाडी. आणि ती भरलेली आली की मी काच खाली करून बोलायचो, मागच्या गाडीने या गो. आठवड्यातून दोनदा-तीनदा बोलायचो. मग पोरींची हजेरी कमी पडायची, पहिला तास जायचा, मार्क कमी पडायचे, आणि गाडीत बसलेली माणसं बोलायची, पोरींना सायन्स झेपत नाय. मीपण बोलायचो, गिअर टाकता टाकता.

आमच्या गावात दगडूकाका होता, त्याची पोरगी वनिता. दहावीला गावात पहिली आली, पोरांच्यापण वर. शेजारचा संजय तिच्याच वर्गात, त्याचं गणित तिनेच करून घेतलेलं, ओटीवर बसून, आणि चुकला की बोलायची, संज्या, तुझ्या डोक्यात भाताचा तूस भरलाय का रे. दोघं बारावी सायन्सला मुरबाडला जायची. संजय पायरीवर, वनिता जागा असेल तर. दगडूकाका मला बोलला होता, काळू, पोर तुझ्या भरोशावर पाठवतो रे. मी हो बोललो होतो.

बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी ती आमच्या अंगणात आली. काळूदादा, उद्या बाहेरचे सर येणार आहेत, साडेआठला आत घेतील, नंतर नाय घेणार, एक सीट ठेवा. मी बोललो, ठेवतो. आणि ठेवणार होतो, खोटं नाय सांगत. पण सकाळी वरच्या गावात मालकाचे व्याही उभे, साखरपुड्याला निघालेले, बायका-माणसं, सगळी गाडी त्यांचीच. मालकाच्या व्याह्यांना मी काय बोलणार.

फाट्यावर वनिता उभी होती, जर्नल छातीशी धरून. मी बोललो, जागा नाय गो, मागून दुसरी गाडी येते. तिने जर्नल संजयच्या हातात दिलं, ओढणी कमरेला बांधली आणि मागच्या पायरीवर पाय ठेवला. पोरं ओरडली, ए, ये गो वर, हात देतो. आतून एक बाई बोलली, काय गो, सर्कशीत जायचंय का. सगळे हसले. मी खाली उतरलो. खाली उतर बोललो. ती बोलली, दादा, मी घट्ट धरीन. मी बोललो, पोरीची जात, पडलीबिडलीस तर तुझ्या बापाला काय सांगू, आणि लोक काय बोलतील. मी तिच्या दंडाला धरून तिला उतरवली. संजयने जर्नल तिला परत दिलं आणि तो पायरीवर चढला. मी गाडी काढली.

मागची गाडी पाऊण तासाने आली. ती पोचली तेव्हा दार लागलेलं होतं.

इथपर्यंतचं मी बाहेरगावच्या पुष्कळ जणांना सांगितलंय, तिचं नाव न घेता. पुढचं नाय सांगितलेलं.

संध्याकाळी दगडूकाका आला. बसला नाय, उभाच राहिला. काळू, पोरगी बोलते तू तिला गाडीवरून उतरवलीस. खरं सांग, ती वेळेत फाट्यावर होती ना. माझी बायको दारात उभी, मालकाचं नाव मधे येणार, आणि हा माणूस माझ्या भरोशावर पोर पाठवत होता. मी बोललो, नाय काका, मला नाय दिसली. आणि एवढ्यावर थांबलो नाय, बोललो, दोन मिनिटं थांबलोपण होतो मी. तो बरं बोलला आणि गेला.

गाडीतली बाकीची माणसं वरच्या गावांची, आमच्या गावातला एकटा संजय, त्याने सगळं बघितलं होतं. त्याला कोणी विचारलं नाय आणि तो आपणहून बोलला नाय. पोराने पोरीची बाजू घेतली की आमच्याकडे त्याचा वेगळाच अर्थ निघतो. मग गावात प्रश्न एकच राहिला, फाट्यावर नव्हती तर तेवढा वेळ ही होती कुठे. निकाल लागला, एक विषय गेला, बाकीच्यात चांगले मार्क. ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं. मला दोनदा बसवलं होतं की. दगडूकाकाने फॉर्म भरला नाय. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं, शहापूरकडे दिली. संजय पास झाला, पुढे शिकला, आता सरकारी ऑफिसात आहे. रस्त्यात भेटला की हात करतो, मीपण करतो.

दगडूकाका वारला त्याला आता तीन वर्षं झाली. तो आजारी असताना मी दोनदा बघायला गेलो. दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोललो आणि उठून आलो.

गेल्या साली शहापूरला भाडं घेऊन गेलो होतो, तसाच तिच्या सासरी गेलो. अंगणात तांदूळ निवडत होती. तिची पोरगी नववीला आहे. मी सगळं सांगितलं, मी खोटं बोललो तुझ्या बापाला, असं. तिने ऐकून घेतलं, हात चालूच होते. मग बोलली, मला काय सांगता दादा, मी तिथेच होते ना. सांगायचं होतं ते बाबांना. बाबा माझ्याकडे यायचे, पोरांना खाऊ आणायचे, पण माझ्या शब्दावर त्यांनी पुन्हा कधी विश्वास ठेवला नाय. मग बोलली, बसा, चहा टाकते. मी चहा पिलो. निघताना पाया पडायला तिच्या पोरीला बोलावलं तिने. मी नको बोललो, पण पोरगी वाकलीच. शिक बोललो. दुसरं काय बोलणार.

मला रडूबिडू येत नाय. गाडी चालवतो, जेवतो, झोपतो. आता गाडी माझी आहे, फाट्यावर पोरी असल्या की आधी त्यांना बसवतो, पण त्याने मागचं काय बदलत नाय, ते मला कळतं. तुमी लिहून घेताय म्हणून सांगतो, माझं नाव लिहा नायतर लिहू नका. पण त्या दिवशी दगडूकाकाची पोरगी साडेसातच्या आधी फाट्यावर उभी होती, हे लिहा. मी तिला बघितली होती.