सुजलेलं बोट आणि ब्लूज

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावर एक गिटारवाला सुजलेलं बोट सांभाळत बसला होता. शेजारी त्याची थोरली बहीण.

"महिनाभर गिटार बंद म्हणाले तर रे?"

"सुटलो म्हणेन, ताई. हॉटेलात रोज तीच तीच गाणी वाजवून विटलोय."

"आणि तुझं ते ब्लूज? विशीत दिवसभर तेच इंग्रजी रडगाणं चालायचं. दुःख कसलं होतं, देव जाणे. ताट तर आयतं समोर येत होतं!"

"तेव्हा नुसती स्टाइल मारायचो गं."

"मग बाबा गेले, खरं दुःख आलं, तर साहेबांनी ब्लूजच सोडलं!"

"वाजवायला घेतलं की बाबा आठवायचे."

"मग रविवारी दुपारी कोण वाजवत होतं? शेजारी?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आईनं. चहा घेऊन आली होती तुझ्या खोलीपाशी."

"चहा? मला नाही मिळाला."

"कसा मिळेल? तू वाजवत होतास तोवर बाहेरच उभी होती. पार गार झाला."

"...काही म्हणाली?"

"म्हणाली, 'अर्ध्यावरच थांबला गं. बोट दुखत असणार. डॉक्टरकडे ने त्याला.'"