झाकली मूठ आणि अर्धी भाकरी

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. आज एक प्रश्न आहे — मोठा कोण? ज्याला सगळं येतं तो, की चारचौघांत 'मला येत नाही' म्हणतो तो?

'येतं तो!' — वा पाटील, तुम्ही असंच म्हणणार, ठाऊक होतं! झाकली मूठ सव्वा लाखाची, नाही का? बघू आता!

हिवरतळे नावाचं गाव. तिथल्या शाळेत उंडे गुरुजी. सव्वीस वर्षं नोकरी! आदर्श शिक्षक पुरस्कार — एक नाही, तीन! आणि मोबाईलवर शिक्षकांचा एक गट होता. अख्ख्या महाराष्ट्रातले दोन हजार मास्तर आणि बाई! अडलं तर तिथं विचारायचं, ज्याला येतं त्यानं सांगायचं. सत्संगच की हो! पण आपले गुरुजी तिथं काय टाकायचे? सत्काराचे फोटो! शाल, श्रीफळ आणि गुरुजी! की खाली लगेच रांग — अभिनंदन सर, अभिनंदन सर!

तर एक दिवस सहावीचा वर्ग. अपूर्णांकांचा भागाकार. फळ्यावर लिहिलं — अर्धा भागिले पाव. "दुसरा उलटा करा, गुणा. उत्तर दोन!" पहिल्या ओळीत कार्तिकी ढवण. हिचा हात कायम वर! म्हणाली, "गुरुजी, भागलं की कमी होतं ना? मग हे वाढलं कसं?"

आली का पंचाईत! सव्वीस वर्षं शिकवलं, पण हे गुरुजींना येतच नव्हतं! उत्तर नसलं की माणूस काय करतो? आवाज वाढवतो! "नियम आहे! पाठ कर! खाली बस!"

बसली पोर. दुसऱ्या दिवशी हात वर नाही. तिसऱ्या दिवशी नाही! चौथ्या दिवशी गुरुजीच म्हणाले, "कार्तिकी, कळतंय ना?" ती खाली बघून म्हणाली, "पाठ केलंय, गुरुजी." मंडळी, हुशार पोर गप झाली होती, आणि गप कुणी केलं ते गुरुजींना पक्कं ठाऊक होतं.

मधल्या सुट्टीत मोबाईल काढला. लिहिलं, पुसलं. लिहिलं, पुसलं! तिन्ही पुरस्कार आडवे आले! शेवटी डोळे मिटून पाठवलं — "अर्ध्याला पावने भागल्यावर दोन का येतात, मला सांगता येत नाही. एका मुलीसाठी हवंय. मदत करा."

आणि काय सांगू! टिंग! टिंग! टिंग! गुरुजींनी भीत भीत उघडलं — "अभिनंदन सर!" "हार्दिक अभिनंदन!" "असेच यश मिळत राहो!" एक्केचाळीस जणांनी अभिनंदन केलं — न वाचता! हसता काय? आपल्या गावच्या गटावर तेराव्याच्या निरोपाखाली वाढदिवसाच्या शुभेच्छा कुणी टाकल्या? पाटील, खाली बघू नका!

बेचाळिसावा निरोप मात्र वाचणाऱ्या बाईचा! नंदुरबारकडच्या डोंगरातली शिक्षिका, मंगल लोखंडे. "गुरुजी, नमस्कार. अर्धी भाकरी घ्या. तिचे चतकोर किती होतात, ते मुलीलाच मोजू द्या."

सांगा मंडळी! अर्धी भाकरी — चतकोर किती? — दोन! आजीबाई, तुमची शाळा किती? पायरीसुद्धा चढला नाहीत? आणि उत्तर सगळ्यांच्या आधी! भाकरी तेवढीच, फक्त मोजले चतकोर!

पण निरोप संपला नव्हता. पुढे होतं, "हाच प्रश्न मी तुम्हाला एकोणीस वर्षांपूर्वी विचारला होता. सहावीत. तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलंत. राग नाही, गुरुजी. पण त्यानंतर दहावीपर्यंत मी हात वर केला नाही."

थांबा. मृदंग नको आत्ता.

गुरुजी रडले हो. व्हरांड्यात, पोरांदेखत! आणि त्याच दोन हजार जणांसमोर लिहिलं — "मंगल, त्या दिवशीही मला येत नव्हतं. म्हणून तुला बाहेर काढलं. चुकलो, बाळ."

मग? लोक हसले? अब्रू गेली? छे! निरोपांवर निरोप! "सर, मलाही येत नव्हतं!" "मीही पाठच करून घेते!" "शून्याने भागत का नाहीत, कुणी सांगेल का?" एक विचारतोय, दहा सांगताहेत! फोटो गेले, प्रश्न आले!

गुरुजी वर्गात शिरले ते डब्यातली अर्धी भाकरी घेऊन. "कार्तिकी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. मंगलबाईंना विचारून आलोय. मोड ही." पोरीनं मोडली. मोजली. डोळे हे एवढे! आणि हात — गेला वर! "गुरुजी, मग चतकोराला अर्ध्यानं भागलं तर?"

गुरुजी म्हणाले, "थांब, विचारून सांगतो!"

मंडळी, झाकली मूठ सव्वा लाखाची असेल. पण तिच्यात कुणी काही घालणार कसं? माझ्याकडे नका बघू, आपापल्या घरात बघा. कुठल्या लेकराला आपण 'गप बस' म्हणालो? आज जा आणि त्याला सांगा — "तेव्हा मला येत नव्हतं रे." बोला, विचारणाऱ्या लेकरांचा — जयजयकार!

आता प्रसाद आहे. मूठ मिटून येऊ नका, हात उघडा! पाटील, पहिले तुम्ही!