नावावर फक्त नमस्कार

(धाड गाव. शाळेच्या पटांगणातला मंडप, दुपारचे चार. संध्याकाळच्या ऑर्केस्ट्राचा साउंड चेक चालू आहे.)

नौशाद : दोनच मिनिटं मागून राह्यलो, भाऊ. कलाकारांची ओळख होते तवा ऑक्टोपॅडवाल्याले दोन मिनिटं, ढोलकीले दोन, तुमच्या कीबोर्डले तीन. अन् माह्यं नाव घेतलं की म्या बेस गिटार गळ्यात घेऊन फक्त नमस्कार करायचा?

चिंतामण : बारा वर्षं करून राह्यला ना नमस्कार? आजच काऊन दुखायले लागलं?

नौशाद : आज अब्बा येऊन राह्यले. पहिल्यांदा.

चिंतामण : येऊ दे की. पहिल्या रांगेत बसवतो त्यायले, मानानं. पण बेसचा सोलो नाही. दिवसा तहसीलीत बसत असलो तरी पंचवीस वर्षं हा ऑर्केस्ट्रा चालवून राह्यलो मी. लोकायची नस मले माहीत आहे. संग्रामपूरले काय झालतं, विसरला?

नौशाद : ते गोकुळची चूक होती.

चिंतामण : तू सोलो सुरू केला अन् आपल्याच साउंडवाल्याले वाटलं, मशीन गुणगुणून राह्यली. त्यानं मिक्सरवरची तुह्या आवाजाची पट्टी पार खाली ओढली. तू डोळे मिटून मुक्यानंच वाजवत होता. अन् ज्यायचा कार्यक्रम होता त्या बेबीताई मले येऊन विचारते, "भाऊ, काही बिघडलं का?"

नौशाद : मंग? त्यात बेसचा काय गुन्हा? लोकायनं एकटा बेस कधी ऐकलाच नाही, म्हणून त्यायले बिघाड वाटते. ऐकवला तर समजीन.

चिंतामण : बेसवाल्यानं खालून धरायचं असते बे. तू हलला की सगळे हलले.

नौशाद : धरतोच ना. तीन तास धरतो. दोन मिनिटं सोडलं तर मंडप पडत नाही. नागपूरले एका हॉटेलात म्या एक म्हातारा बेसवाला ऐकलता. खुर्चीवर बसून आठ आवर्तनं एकट्यानं वाजवले त्यानं. एक सूर घाईचा नाही. वेटर हातात ट्रे घेऊन तसाच उभा. तवाच ठरवलं, आपल्याले हे आलंच पाह्यजे. अन् आता येते, भाऊ. उगाच नाही बोलून राह्यलो.

चिंतामण : मले तुहा एकच सोलो आवडला आजवर. मेहकरले भर गाण्यात माह्या कीबोर्डचा अडाप्टर जळला, अन् मी दुसरा शोधेपर्यंत तू एकट्यानं गाणं धरून ठेवलं.

नौशाद : तो कुठं सोलो होता? तारांबळ होती ते.

चिंतामण : म्हणूनच आवडला. तुह्या तोंडावर 'पाहा मले' असं नव्हतं.

नौशाद : मले कोणी पाहायची गरज नाही. अब्बाले म्या दर खेपी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरातून बेस येतच नाही. गार्गीचं गाणं येते, ढोलकी येते, तुमचा कीबोर्ड येते. सगळं पाहून मले विचारते, "बेटा, तू तिथं नुसता उभा राह्यतो का?" बारा वर्षं हेच ऐकून राह्यलो. लाज वाटते, भाऊ.

चिंतामण : हे आधी काऊन नाही सांगितलं?

नौशाद : सांगितलं असतं तर तुम्ही कीव करून देल्ले असते. मले हक्कानं पाह्यजे.

चिंतामण : ते पाहा, आलेच. या चाचा, या. तिथं नका बसू, त्या मोठ्या स्पीकरच्या खोक्याजवळ. याचं तारा छेडणं चालूच आहे. कान बसतीन.

फकीर मोहम्मद : राहू द्या साहेब, इथंच ठीक हाय. जीप लवकर भेटली म्हणून येऊन गेलो. हे खोकं तं पायाले गुदगुल्या करून राह्यलं. काय हाय याच्यात?

नौशाद : मी हाय, अब्बा.

फकीर मोहम्मद : तू?

चिंतामण : चाचा, तुम्हीच करा आता फैसला. हा म्हणते एकट्यानं वाजवतो, मी म्हणतो नको. वाजव बे नौशाद.

नौशाद : ऐका, अब्बा.

फकीर मोहम्मद : माशाअल्ला, बोटं लई चालते तुही. पण इतकी घाई काऊन? मागं कोणी लागलं का?

चिंतामण : मी काय सांगून राह्यलो होतो?

नौशाद : थांबा, भाऊ. अब्बा, आता हे ऐका. दुसरं हाय.

फकीर मोहम्मद : रुक. रुक जरा. हे तुले कोणी शिकवलं?

नौशाद : तुम्हीच. तुम्ही पिंजण मारायचे अन् मी बाजूले कापसाच्या ढिगात झोपायचो.

फकीर मोहम्मद : चाल पिंजणाचीच हाय. पण चुकली. तिसरा ठोका हलका लागते. तिसऱ्याले कापूस पिंजणाच्या तारेवरून, तातीवरून सुटते, तिथं जोर देल्ला की तात तुटली समज. चाळीस वर्षं गाद्यायचा कापूस पिंजला म्या.

नौशाद : असं?

फकीर मोहम्मद : अजून हलका. हाव. आता बराबर.

चिंतामण : ते सगळं ठीक आहे, चाचा. पण खरं सांगा, बेसवाल्यानं एकट्यानं वाजवावं का?

फकीर मोहम्मद : मले त्यातलं काय समजते, साहेब? मी गावात गेलो की आवाज नव्हतो देत. गल्लीत शिरलो की आधी नुसती तातच वाजवायचो, बिनकापसाची. ते ऐकलं की बाया घरातून गाद्या घेऊन निघायच्या. नाही वाजवली, तं पिंजारी आला हे कोणाले समजीन?

चिंतामण : गोकुळ, ऐक रे. ओळखीच्या वेळी नौशादच्या पट्टीले हात लावायचा नाही. गुणगुणलं तरी नाही. अन् गार्गीले सांग, ओळख तीच करून देते ना, याले चार मिनिटं लिहून ठेव.

नौशाद : म्या दोन मागितले होते.

चिंतामण : चाचा घाई नको म्हणते ना. हळू वाजवायले दोन मिनिटं पुरत नाही. चाचा, चला, पुढच्या रांगेत सोफा टाकला तुमच्यासाठी.

फकीर मोहम्मद : नको, साहेब. मी या खोक्यापाशीच बसतो. पोरगं इथं हाय माह्यं.